व्हीपीएनचा गंडा बांधून कुणी सुरक्षित होत नाही

आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो आहे. "व्हीपीएन टाका आणि बिनधास्त लिहा, कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही." खाली एखाद्या फुकट अॅपची लिंक असते आणि शेवटी जयभीम. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे आम्ही मान्य करतो. पण हेतू चांगला असला म्हणून सल्ला खरा ठरत नाही. या सल्ल्याला आमचा उघड विरोध आहे, कारण त्याच्यावर विसंबून आपली पोरे जिवावर बेतेल असे लिहीत आहेत.

१९५६ साली नागपूरला आपल्या आजी-आजोबांनी हातातले गंडे-दोरे तोडले. आज त्यांचा नातू फोनमध्ये एक अॅप टाकतो, वर किल्लीचे किंवा ढालीचे चिन्ह दिसले की निर्धास्त होतो आणि आत काय चालले आहे ते एकदाही तपासून पाहत नाही. मग गंड्यात आणि या अॅपमध्ये फरक काय राहिला? कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळा. हा नियम आपण पोथीला लावतो, बुवाला लावतो, तर अॅपलाही लावला पाहिजे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या कामाच्या भागातल्या एका गावात स्मशानभूमीच्या रस्त्यावरून वाद झाला. आपल्यातल्या एका पदवीच्या मुलाने निनावी फेसबुक पान काढून त्यावर लिहायला सुरुवात केली. लिखाण चोख होते, पुराव्यासह होते. फोनमध्ये फुकट व्हीपीएन होते, त्यामुळे तो निर्धास्त होता. आठवड्याच्या आत गावातली जातदांडगी मंडळी त्याच्या घरासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या वडिलांना शेतावर मजुरीला बोलावणे बंद झाले. किराणावाल्याने उधारी बंद केली.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता, "व्हीपीएन असताना यांना कळलं कसं?"

आम्ही त्याच्याबरोबर बसून एकेक गोष्ट तपासली. पानावर टाकलेला रस्त्याचा फोटो त्याच्याच घराच्या गच्चीवरून काढलेला होता. त्या कोनातून तो रस्ता गावात दुसऱ्या कुठल्याही घरातून दिसत नाही. पानाची पहिली लिंक त्याने स्वतःच्या नंबरवरून एका गटात टाकली होती आणि त्या गटातूनच कुणीतरी स्क्रीनशॉट पुढे पाठवला होता. म्हणजे त्याला शोधायला कुणाला आयपी पत्त्याची गरजच पडली नव्हती. मग आम्ही त्याचे व्हीपीएनही तपासले. ते चालू असताना त्याच्या मोबाइल कंपनीने दिलेला खरा पत्ता बाहेर दिसत होता. जे संकट आले त्याच्याशी व्हीपीएनचा संबंध नव्हता, आणि ज्या संकटासाठी व्हीपीएन असते त्यातही ते कुचकामी होते.

म्हणून पहिला मुद्दा समजून घेऊ. व्हीपीएन करते काय?

तुम्ही साधे इंटरनेट वापरता तेव्हा तुमची सगळी ये-जा मोबाइल कंपनीच्या किंवा ब्रॉडबँडवाल्याच्या हातून होते. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असेल तर त्यांना आतला मजकूर दिसत नाही, पण तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर गेलात ते कळते. व्हीपीएन तुमच्या फोनपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत एक बंद नळी टाकते. मोबाइल कंपनीला एवढेच दिसते की हा माणूस अमुक सर्व्हरला इतका वेळ जोडलेला होता. पलीकडच्या संकेतस्थळाला तुमच्या पत्त्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. बस, इतकेच.

पण नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे? व्हीपीएनची कंपनी. आधी मोबाइल कंपनीला जे दिसत होते ते आता हिला दिसते. म्हणजे नजर नाहीशी झाली नाही, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला यात नवे काही नाही. सत्ता नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. म्हणून नवा मालक कोण आहे हे विचारलेच पाहिजे.

या मालकांचा इतिहास काही कौतुकाचा नाही. फेसबुकने २०१३ साली ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचे ओनावो प्रोटेक्ट हे अॅप तुमची माहिती सुरक्षित ठेवतो असे सांगून वाटले गेले, आणि लोक फोनवर कुठली अॅप किती वापरतात ही माहिती त्यातून फेसबुककडे जात राहिली. २०१८ मध्ये अॅपलच्या नियमांमुळे ते त्यांच्या दुकानातून काढावे लागले, पुढच्या वर्षी बंद झाले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल संबंधित दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. रक्षण हे नाव आणि हेरगिरी हा धंदा. २०२० मध्ये हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनचे प्रकरण बाहेर आले. आम्ही नोंदी ठेवत नाही, असा तिचा दावा होता. संशोधकांना तिचा डेटा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला, आणि त्यात ग्राहकांचे आयपी पत्ते आणि पासवर्डसुद्धा होते.

ही चार-दोन वाईट उदाहरणे आहेत असे कुणी म्हणेल. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन अॅप तपासली. १८ टक्के अॅप माहिती कुलूपबंदच करत नव्हती. ६६ टक्के अॅपमधून डीएनएस गळत होते, ८४ टक्के अॅपमधून आयपीव्ही६ची ये-जा नळीच्या बाहेरून होत होती. ७५ टक्के अॅपमध्ये तिऱ्हाइतांचे माग काढणारे कोड होते. त्यानंतर अॅप बदलली, काही सुधारलीही असतील. पण "टाकले म्हणजे झाले" या समजुतीला आधार नाही, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले.

आता तपासायचे कसे ते सांगतो. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. पंधरा-वीस मिनिटे आणि एक कागद पुरे.

पहिली चाचणी पत्त्याची. व्हीपीएन बंद ठेवून ब्राउझरमध्ये आयपीलीक डॉट नेट किंवा ब्राउझरलीक्स डॉट कॉम उघडा. तिथे तुमचा आयपी पत्ता, मोबाइल कंपनीचे नाव आणि साधारण ठिकाण दिसेल. ते कागदावर लिहून घ्या. पत्ते दोन प्रकारचे असतात. आयपीव्ही४ म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे. आयपीव्ही६ म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक ओळ. दोन्ही लिहा. मग व्हीपीएन चालू करून तेच पान पुन्हा उघडा. दोन्ही पत्ते बदलले पाहिजेत, किंवा आयपीव्ही६ अजिबात दिसता कामा नये. चौथीतल्या पोराला जमेल अशी ही तुलना आहे, पण बहुतेक जण फक्त पहिला पत्ता पाहून समाधान मानतात. आपल्याकडे तर ही चूक महागात पडते, कारण जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरले जाते. त्या मुलाच्या फोनवर हेच झाले होते. आयपीव्ही४ परदेशातले दिसत होते आणि खाली आयपीव्ही६ त्याचे स्वतःचे.

दुसरी चाचणी डीएनएसची. तुम्ही संकेतस्थळाचे नाव टाइप करता तेव्हा त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. व्हीपीएन चालू असूनही ही विचारणा तुमच्या मोबाइल कंपनीकडेच जात असेल, तर तुम्ही कुठे कुठे गेलात याची यादी तिच्याकडे आपोआप तयार होते. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉमवर जाऊन विस्तारित चाचणी करा. निकालात तुमच्या मोबाइल कंपनीचे नाव आले तर नळी फुटलेली आहे. गूगल किंवा क्लाउडफ्लेअर आले तर फोनच्या सेटिंगमधले 'प्रायव्हेट डीएनएस' किंवा ब्राउझरचे सेटिंग पाहा. ती मोबाइल कंपनीकडची गळती नाही, पण तुमची विचारणा आणखी एका तिऱ्हाइताकडे जाते आहे, हे लक्षात ठेवा.

तिसरी चाचणी वेबआरटीसीची. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून ही सोय असते आणि तिच्यामुळे कधी कधी खरा पत्ता संकेतस्थळाला कळतो. वर सांगितलेल्या दोन्ही पानांवर ही चाचणी आहे. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नका, तो घरातल्या किंवा नेटवर्कच्या आतला असतो. पण कागदावर लिहून ठेवलेला तुमचा खरा पत्ता तिथे दिसला, तर गळती आहे. ज्या ज्या ब्राउझरमध्ये काम करता त्या प्रत्येकात ही चाचणी वेगळी करा.

चौथी चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी करत नाही. व्हीपीएन मध्येच तुटले तर काय होते? मोर्चात, एसटीत, सभेत रेंज येते-जाते. व्हीपीएन तुटले की फोन गुपचूप उघड्या रस्त्याने चालू लागतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली व्हीपीएन, मग अॅपच्या नावापुढचे दातेरी चाक, तिथे 'ऑलवेज-ऑन' आणि 'व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा' अशा अर्थाचे दोन खटके असतात. काही फोनमध्ये त्यांची जागा वेगळी असते. दोन्ही चालू करा. मग पत्त्याचे पान उघडे ठेवून वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा, विमान मोड लावून काढा, आणि पान लगेच ताजे करा. एकदाही खरा पत्ता दिसता कामा नये. इंटरनेट थोडा वेळ बंद पडले तर चालेल, उलट तेच व्हायला हवे. इथेही शंभर टक्क्यांचा भरवसा नाही. मुलवाड या व्हीपीएन कंपनीनेच २०२२ मध्ये दाखवून दिले की हे खटके चालू असतानाही अँड्रॉइड जोडणी तपासण्यासाठी काही माहिती नळीच्या बाहेरून पाठवतो.

या चाचण्या एकदा करून विसरू नका. अॅपचे किंवा फोनचे अपडेट आले, सिम बदलले, की पुन्हा करा.

पण चारही चाचण्या पार पडल्या तरी एक प्रश्न उरतो. कंपनी तुमच्या नोंदी ठेवते का? याची चाचणी तुमच्या फोनवर होत नाही. जाहिरातीत सगळेच "नो लॉग्ज" म्हणतात. २०१७ साली अमेरिकेत एका बाईला ऑनलाइन छळणाऱ्या माणसाच्या खटल्यात प्युअरव्हीपीएनच्या नोंदी तपास यंत्रणेला मिळाल्या, जाहिरात मात्र नोंदी नसल्याची होती. आरोपी पकडला गेला याचे आम्हाला दुःख नाही. पण जाहिरात आणि वास्तव यात किती अंतर असते ते त्यातून दिसले. उलट बाजूनेही उदाहरण आहे. तुर्कस्तानात रशियन राजदूताच्या खुनाच्या तपासात एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त झाला, आणि त्यात उपयोगी नोंदी सापडल्या नाहीत. कसोटी ही असते, जेव्हा पोलीस दाराशी येतात तेव्हाची. म्हणून कंपनी निवडताना मालक कोण, कुठल्या देशाच्या कायद्याखाली, स्वतंत्र लेखापरीक्षण झाले आहे का, आणि प्रत्यक्ष जप्तीच्या वेळी काय हाती लागले, हे चार प्रश्न विचारा. आणि यूपीआयने पैसे भरलेत तर तुमचे नाव, बँक आणि तारीख यांची नोंद तिथेच झाली, हेही विसरू नका.

आता आपल्या राज्यकर्त्यांकडे येऊ. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारणसुद्धा किमान ५ वर्षे जपून ठेवायचे. मुदतवाढ देऊन तो सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. ज्यांना हे नियम मान्य नाहीत त्यांनी देश सोडावा, अशी तेव्हाच्या राज्यमंत्र्यांची भूमिका होती. आता यातली गंमत पाहा. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे अंतर्गत व्हीपीएन वापरतात, त्यांना हा नियम लागू नाही, असे खुलाशात सांगितले गेले. भांडवलाच्या गुपिताला संरक्षण आणि नागरिकाच्या गुपिताची पाच वर्षे नोंदवही! वापरायचे का, याचे कारणही सांगायचे. गावकुसाबाहेरच्या माणसाला कुठे निघालास, कशाला निघालास, असे हटकण्याची सवय या व्यवस्थेला फार जुनी आहे.

"ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कशाला?" हे वाक्य आता आपलीही काही शिकलेली माणसे बोलतात, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांत त्यांनी अवाजवी झडती आणि जप्तीपासून माणसाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना संरक्षण मागितले होते. संविधान सभेच्या समित्यांमध्ये अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी अशा तरतुदींना आक्षेप घेतला आणि शेवटी त्या मूलभूत हक्कांत आल्या नाहीत. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. तेव्हा गोपनीयता ही श्रीमंतांची चैन नाही आणि पाश्चात्त्यांचे खूळही नाही. आडनाव कळताच ज्याला भाड्याने खोली मिळत नाही, त्याला गोपनीयतेची किंमत दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

तरीही एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. उत्तम व्हीपीएनसुद्धा ज्या गोष्टींपासून वाचवू शकत नाही त्यांची यादी मोठी आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन केले आहे, तर आयपी लपवून काय उपयोग? निनावी खात्याला तुमचाच नंबर जोडला आहे, सिमला आधार जोडले आहे. ब्राउझरच्या कुकीज तुम्हाला ओळखतात, जीपीएस ठिकाण सांगते, मोबाइलचा टॉवर तुम्ही कुठे उभे आहात ते कंपनीला सांगतो. आणि गटातला एक फितूर या सगळ्या तंत्रज्ञानावर मात करतो.

भीमा कोरेगाव प्रकरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने केली. २०१६ मध्ये ईमेलमधून आलेली एक फाइल उघडल्यावर नेटवायर नावाचे घुसखोर सॉफ्टवेअर आत शिरले आणि पुढे जवळपास बावीस महिने त्या मार्गाने कागदपत्रे पेरली गेली, असे तिने २०२१ च्या अहवालात म्हटले. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा न्यायालयात व्हायचा आहे. पण कार्यकर्त्याने धडा आजच घ्यावा. शत्रू यंत्राच्या आत बसला असेल तर यंत्राबाहेरची नळी कितीही मजबूत असून उपयोग नाही. अनोळखी फाइल न उघडणे, फोन वेळेवर अपडेट करणे, बाहेरून आलेले अॅप न टाकणे, हे व्हीपीएनपेक्षा आधीचे काम आहे.

मग व्हीपीएन फेकून द्यायचे का? मुळीच नाही. हॉस्टेलच्या, वाचनालयाच्या, चहाच्या हॉटेलातल्या वायफायवर ते उपयोगी आहे. मोबाइल कंपनीकडे तुमच्या वाचनाची यादी जाऊ नये, यासाठी उपयोगी आहे. ते वापरणे हा देशात सरसकट गुन्हाही नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी बंदी घातली, तसा आदेश तुमच्या भागात आहे का ते मात्र पाहा. आमचे म्हणणे एवढेच आहे की कुणापासून लपायचे आहे ते आधी ठरवा. गावातल्या जातदांडग्यापासून, मोबाइल कंपनीपासून, जाहिरातवाल्यापासून की तपास यंत्रणेपासून? प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे आणि एकच अॅप सगळ्यांवर चालत नाही.

एक प्रश्न आपल्या संघटनांनाही आहे. तरुणांना "लिहा, बोला, भिडा" असे व्यासपीठावरून सांगायचे आणि लिहिल्यावर काय होऊ शकते ते शिकवायचे नाही, हा बेजबाबदारपणा नाही का? जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, तर विहारात एका रविवारी अर्ध्या दिवसाचे शिबिर घ्यायला काय अडचण आहे? प्रत्येकाने आपला फोन आणावा, कागदावर आपला पत्ता लिहावा आणि वरच्या चार चाचण्या शेजारी बसून कराव्यात. ज्याला जमते त्याने न जमणाऱ्याला दाखवावे. मुलींना आधी दाखवावे, कारण निनावी खात्यांवरून धमक्या त्यांना जास्त येतात. आणि सर्ट-इनचा तो आदेश मागे घ्यावा, ही मागणी निवेदनात, मोर्चाच्या फलकावर आली पाहिजे. गोपनीयता ही प्रत्येकाने एकट्याने विकत घ्यायची वस्तू नाही, तो मिळून मागायचा हक्क आहे.

त्या मुलाचे काय झाले, असे विचाराल. त्याच्या कुटुंबाबरोबर आम्ही अजून उभे आहोत, बहिष्काराची तक्रार दिली आहे. तो लिहायचे थांबलेला नाही. पण आता तो स्वतःच्या नावाने लिहितो आणि त्याच्यामागे नावानिशी चाळीस माणसे सही करतात. नाव लपवणे ही त्याची गरज होती तेव्हा आपण त्याला नीट लपायला शिकवले नाही. पुढच्या मुलाच्या बाबतीत ही चूक होऊ नये, म्हणून हा लेख. वाचून झाला असेल तर आत्ताच फोन हातात घ्या, व्हीपीएन बंद करा आणि पहिला पत्ता कागदावर लिहा.

जयभीम.